टॉनिकआधी गोणीवरचं लेबल

जपानी बटेराचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं तेव्हा जेमतेम सात-आठ ग्रॅमचं असतं. पाच आठवड्यांनी तोच पक्षी १८० ते २०० ग्रॅमचा होऊन विक्रीला तयार होतो. पस्तीस दिवसांत वजन वीस-पंचवीस पट, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंडीही द्यायला लागते. इतक्या घाईने वाढणाऱ्या पक्ष्याच्या पोटात काय जातं, यावरच सगळा धंदा उभा असतो. एकूण खर्चात साधारण दोन-तृतीयांश वाटा एकट्या खाद्याचा. साहजिकच खाद्यात आणखी काही मिसळून हा वेग वाढवता येईल का, हा प्रश्न प्रत्येक बटेरपालकाला पडतो. उत्तर घेऊन बाजार दारात उभाच असतो. लिव्हर टॉनिक, ग्रोथ प्रमोटर, प्रोबायोटिक, एन्झाइम, हर्बल भुकटी, एकेका बाटलीवर गुबगुबीत पक्ष्याचं चित्र. या वस्तू सरसकट निरुपयोगी आहेत असं म्हणायचं नाही. पण पूरक घटक उणीव भरून काढतो, एवढंच त्याचं काम. उणीव कोणती हे ठाऊक नसताना घातलेलं पूरक विष्ठेतून बाहेर पडतं आणि पैसे खिशातून. लहान शेडमधली मोठी उणीव बहुतेक वेळा बाटलीत मिळणारी नसते, गोणीतच राहून गेलेली असते.

विचुंब्यासारख्या गावात हा प्रश्न नुसता तांत्रिक राहत नाही. नवीन पनवेलला खेटून असलेलं हे गाव २०१३ पासून नैना क्षेत्रात, म्हणजे सिडकोच्या नियोजनाखाली आहे. भातशेतीच्या शेजारी इमारती चढत जातात, जमिनीचा हिशेब एकरांतून गुंठ्यांवर येतो. अशा ठिकाणी हजारो ब्रॉयलरचं शेड घालणं दिवसेंदिवस अवघड, वासाची तक्रार तर पहिल्या आठवड्यातच. बटेराला मात्र पक्ष्यामागे १५० ते २०० चौरस सेंटिमीटर जागा पुरते, पिंजरे एकावर एक चढवता येतात, आणि गिऱ्हाईक पनवेलपासून मुंबईपर्यंत पसरलेलं. हा पक्षी भारतात रुजवला गेला तो १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेत. पुढे १९७९ मध्ये तिथेच केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली आणि तिने मांसासाठी, अंड्यांसाठी वेगवेगळे वाण तयार केले. पण वन्यजीव कायद्याच्या परवान्यांत हे पालन बराच काळ अडकलं. २०११ मध्ये तर नवे परवानेच थांबवले गेले, पाळीव जपानी बटेराला सूट मिळाली ती त्यानंतर. परिणाम असा, की ब्रॉयलरसारखी साखळी बटेराभोवती तयार झाली नाही. ब्रॉयलरचं खाद्य कुठल्याही दुकानात मिळतं; खास बटेराचं खाद्य शोधावं लागतं. मग जे मिळतं तेच घातलं जातं, आणि गोंधळाची सुरुवात इथून होते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ मध्ये कुक्कुटवर्गीय पक्ष्यांच्या पोषणगरजांचे तक्ते प्रसिद्ध केले. आजही जगभर संदर्भ म्हणून तेच उघडले जातात. वाढत्या जपानी बटेराला खाद्यात २४ टक्के प्रथिनं, १.३ टक्के लायसिन आणि ०.५ टक्का मेथिओनिन हवं, असं ते सांगतात. ब्रॉयलरच्या स्टार्टर खाद्यात प्रथिनं साधारण २२ टक्क्यांच्या आसपास असतात, फिनिशरमध्ये १९-२०. आता नेहमीची काटकसर पाहा. स्टार्टर महाग पडतं म्हणून दहा किलोत तीन किलो मक्याचा भरडा मिसळला जातो. मक्यात प्रथिनं नऊ टक्क्यांच्या आत. मिश्रण उतरतं १९ टक्क्यांवर. पिल्लू मग खातं भरपूर, पण वाढतं हळू. छातीला मांस धरत नाही, पोटात चरबी धरतं. पालकाला दिसतं एवढंच की वजन येत नाही, आणि तो टॉनिक आणायला जातो. त्याच दहा किलो स्टार्टरमध्ये मक्याऐवजी एक किलो सोयापेंड घातली असती, तर प्रथिनं २४ टक्क्यांवर गेली असती. ब्रॉयलरच्या खाद्यातली ऊर्जा बटेराच्या गरजेहून थोडी चढीच असते, त्यामुळे पेंडीने ती किंचित खाली आली तरी बिघडत नाही. मात्र पेंड म्हणजे तेल काढून भाजलेली पेंड. कच्चं सोयाबीन दळून घातलं तर त्यातले घटक प्रथिनांचं पचनच रोखतात आणि केलेला खर्च उलटा फिरतो.

प्रथिनं मिळाली म्हणजे काम झालं असंही नाही, कारण पक्षी प्रथिन वापरतो ते अमिनो आम्लांच्या रूपात, आणि त्यांतलं सर्वांत तोकडं पडणारं आम्ल बाकीच्यांचा उपयोग ठरवतं. मका आणि सोयाच्या खाद्यात पहिलं तोकडं पडतं मेथिओनिन. पिसं बांधायलाही तेच लागतं. बटेराला महिन्याभरात अंगभर पिसं येतात, म्हणजे मागणी दुहेरी. म्हणून घरी खाद्य बनवणाऱ्याने डीएल-मेथिओनिन आणि लायसिन या भुकट्या, जीवनसत्त्वांचा प्रिमिक्स आणि खनिज मिश्रण यांना टॉनिकच्या रांगेत बसवू नये. ते खाद्याचेच भाग आहेत, मिठासारखे. रायगडच्या किनाऱ्यावर सुक्या मासळीची कुटी सहज मिळते आणि मेथिओनिन-लायसिनच्या दृष्टीने ती उत्तम. पण वाळूवर वाळवलेल्या कुटीत रेती आणि मीठ किती, हे पाहिल्याशिवाय ती पिल्लांना घालणं धोक्याचं. मीठ जास्त झालं की पिल्लं पाणी पीत सुटतात, विष्ठा पातळ होते, लिटर, म्हणजे खालचं अंथरण, ओलं होतं, आणि पुन्हा कोणीतरी हगवणीचं औषध सुचवतं. काही जण उलट टोकाला जाऊन पिल्लांना लेअरचं खाद्य घालतात, ते स्वस्त म्हणून. त्यात अंड्याच्या कवचासाठी घातलेलं कॅल्शियम पिल्लाच्या गरजेच्या तिप्पट-चौपट असतं, आणि त्याची झळ मूत्रपिंडाला बसते.

यावर अनुभवी माणूस म्हणेल, बाटलीचा खर्च तो काय, पक्ष्यामागे रुपया. तो रुपया मांडून पाहू. समजा खाद्य ४० रुपये किलो आहे आणि बटेर पाच आठवड्यांत ६०० ग्रॅम खाद्य संपवतो. पक्ष्यामागे खाद्याचे झाले २४ रुपये. टॉनिकचा एक रुपया नुसता वसूल व्हायचा तर त्याने तेवढ्याच वजनासाठी २५ ग्रॅम खाद्य वाचवायला हवं, म्हणजे चार टक्के. चांगल्या पूरकाचा चांगल्या परिस्थितीतला परिणाम बहुधा याच्याच आसपास असतो. म्हणजे सगळं नीट जमलं तर बरोबरी, एरवी तोटा. वजन वाढेल त्याचं काय, असं कोणी विचारेल. पण बटेर बहुतेक ठिकाणी नगावर विकला जातो, किलोवर नाही. १९० ग्रॅमचा पक्षी आणि १९८ ग्रॅमचा पक्षी हॉटेलवाल्याच्या लेखी एकच. आता दुसऱ्या बाजूला पहिल्या आठवड्यातली मरतूक ठेवा. पिल्लू दहा रुपयांचं धरलं आणि शंभरातली दहा पिल्लं गेली, तर उरलेल्या प्रत्येक पक्ष्यावर रुपयाहून जास्त बोजा तिथेच चढला. ही दहा पिल्लं कशाने जातात? ब्रूडरमध्ये पहिल्या आठवड्यात ३७-३८ अंश ऊब हवी, ती रात्री वीज गेली की उतरते. पिल्लं एकमेकांवर चढतात, खालची गुदमरतात. किंवा उथळ भांड्यातल्या पाण्यात बुडतात. म्हणून भांड्यात गोट्या किंवा खडे टाकायचे, म्हणजे चोच पोचते, अंग नाही. खाद्याचा दाणा चोचीपेक्षा मोठा असला तर भरल्या भांड्यासमोर पिल्लू उपाशी राहतं. स्टार्टर क्रम्बल पहिले आठ-दहा दिवस पुन्हा बारीक करून घालावं लागतं ते यासाठी. आणि भांडं काठोकाठ भरलं की बटेर चोचीने खाद्य उडवतो. अर्धं भरलं की सांडणं कमी होतं. चार टक्के खाद्य वाचवायला कित्येकदा एवढंच पुरतं.

उणीव खरी असेल तिथे मात्र पूरक हात राखून वापरायचं कारण नाही. वनस्पतिजन्य खाद्यातला जवळपास दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि पक्ष्याच्या आतड्यात तो सुटा होत नाही. फायटेज नावाचं एन्झाइम तो सोडवतं. त्यामुळे फॉस्फरससाठी घालायचं महागडं डायकॅल्शियम फॉस्फेट कमी घालता येतं. इथे उणीव ठाऊक आहे, उपायाची रीत ठाऊक आहे आणि बचत मोजता येते. फक्त गोणीतल्या तयार खाद्यात ते बहुधा आधीच असतं. पुन्हा विकत घेण्याआधी लेबल वाचायचं ते म्हणूनच.

कोकणातली सर्वांत मोठी, आणि सर्वांत कमी चर्चेत असलेली उणीव पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर पनवेल तालुक्यात हवा इतकी दमट असते की जमिनीवर ठेवलेली मक्याची गोणी खालून ओल धरते. दाण्यातला ओलावा १३ टक्क्यांच्या वर गेला की बुरशीला रान मोकळं. अस्परजिलस बुरशीचं अफ्लाटॉक्सिन जगाला कळलं तेच पक्ष्यांमुळे: १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून जास्त टर्की मेले आणि कारण निघालं ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतलं बुरशीचं विष. एवढी मोठी मरतूक विरळा. नेहमीचं चित्र चोरट्या नुकसानीचं असतं. पक्षी मरत नाही, यकृत बिघडतं, वाढ खुंटते, लसही नीट लागू पडत नाही. वाढ खुंटली म्हणून लिव्हर टॉनिक येतं आणि त्याच बुरशी धरलेल्या भरड्यावर ते ओतलं जातं. बेंटोनाइटसारखी माती किंवा यीस्टच्या पेशीभित्तिका असलेले टॉक्सिन बाइंडर आतड्यात या विषाचा काही भाग धरून ठेवतात, हे खरं. अफ्लाटॉक्सिनवर मातीचे बाइंडर बरे चालतात, दुसऱ्या कित्येक बुरशीविषांवर फारसे नाहीत. पावसाळ्यातल्या बॅचला बाइंडर घालणं शहाणपणाचं आहे, पण लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवलेल्या आणि दोन-तीन आठवड्यांत संपणाऱ्या गोण्यांची जागा तो घेऊ शकत नाही. हाच नियम प्रिमिक्सला. जीवनसत्त्वं दमट हवेत झिजतात, आणि कोलिन क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेत असल्याने त्याच पुडीत असेल तर आणखी लवकर. मे महिन्यात घाऊक भावाने घेतलेल्या प्रिमिक्सच्या डब्यात ऑगस्टपर्यंत लेबलवरचं किती उरतं, हा विचार भाव करतानाच करायला हवा.

उन्हाळ्याची गोष्ट निराळी, आणि तिथे पुरावाही चांगला आहे. पक्षी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतो, म्हणून तक्त्यांत त्याची गरज दाखवत नाहीत. पण उष्णतेच्या ताणात ते पुरेनासं होतं. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला जपानी बटेर ३४ अंश तापमानात वाढवून खाद्यात क आणि ई जीवनसत्त्व घालून पाहिलं. पूरक मिळालेल्या पक्ष्यांनी जास्त खाल्लं, त्यांचं वजन आणि पचनही सुधारलं. एप्रिल-मेमध्ये पनवेलला तापमानाबरोबर दमटपणाही असतो, आणि धापा टाकून अंग थंड करणं दमट हवेत पक्ष्याला जमत नाही. म्हणून त्या दोन महिन्यांत क जीवनसत्त्व आणि इलेक्ट्रोलाइट यांवर केलेला खर्च पटण्यासारखा आहे. तीच पुडी डिसेंबरात चालू ठेवणं मात्र निव्वळ सवय.

प्रोबायोटिक आणि वनौषधी यांच्या बाजूने बोलणारे संशोधनाचा हवाला देतात आणि तो हवाला खोटा नसतो. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्यामुळे आतड्यातले चांगले जंतूही तिच्याकडून मिळत नाहीत. १९७३ मध्ये फिनलंडमधल्या नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलं की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातले जंतू पिल्लाला सुरुवातीलाच दिले तर साल्मोनेलाला तिथे पाय रोवता येत नाही. प्रोबायोटिकचा तर्क तोच. म्हणून त्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांत, किंवा औषधोपचारानंतर आतडं रिकामं झालेलं असताना सर्वांत जास्त. पण जंतू जिवंत असले तर. कपाटात उन्हाळा काढलेली पुडी, क्लोरीनचं नळाचं पाणी, आणि त्याच भांड्यात त्याच आठवड्यात अँटिबायोटिक, असं तिन्ही एकत्र आल्यावर नुकसान झालं नाही यातच समाधान मानायचं. हळद, लसूण, मेथी, कलौंजी, ओवा यांच्या भुकट्यांवर बटेरातही बरेच प्रयोग झाले आहेत, कारण बटेर प्रयोगाला सोयीचा पक्षी. जागा थोडी, पाच आठवड्यांत निकाल. पण बहुतेक प्रयोग थोड्या पक्ष्यांवरचे, प्रत्येकाची मात्रा निराळी, आणि एका ठिकाणच्या हळदीतला घटक दुसऱ्या ठिकाणच्या हळदीत त्याच प्रमाणात असेल असं नाही. ज्या प्रयोगात फरक पडला नाही तो छापून यायची शक्यताही कमी. एकंदर पाहता परिणाम कधी दिसतो, कधी नाही, आणि दिसतो तेव्हा छोटा असतो. शेवग्याचा पाला आणि अझोला यांची शिफारस होते, ती प्रथिनांसाठी. पण दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटात तंतूने जागा अडवली तर दाण्याला ती उरत नाही. चिमूटभर ठीक, मुख्य घास म्हणून नाही.

सर्वांत अडचणीचा आक्षेप अँटिबायोटिकचा आहे, कारण तिथे परिणाम खरोखर दिसत होता. अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या शेवटी खाद्यातल्या थोड्याशा अँटिबायोटिकने पिल्लं जास्त वाढतात हे लक्षात आलं, आणि पुढचं अर्धं शतक ते जगभर खाद्यात पडत राहिलं. पण त्याच काळातली दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये मेरी कोट्स आणि सहकाऱ्यांनी पिल्लं पूर्ण जंतुविरहित पेटीत वाढवली, तेव्हा पेनिसिलिनचा वाढीवरचा परिणाम नाहीसा झाला. म्हणजे औषध पक्ष्याला वाढवत नव्हतं, शेडमधल्या घाणीची किंमत भरत होतं. घाण कमी तर फायदा कमी. तोटा मात्र साचत जातो: थोड्या मात्रेत सतत मिळणाऱ्या औषधाला जंतू सरावतात आणि तेच जंतू माणसापर्यंत येतात. युरोपीय संघाने वाढीसाठी अँटिबायोटिक वापरण्यावर १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिनवर खाद्य-प्राण्यांसाठी बंदी आणली. माणसांच्या अतिदक्षता विभागात शेवटी हाताशी उरणाऱ्या औषधांपैकी ते एक. सगळेच वापरतात, एकट्याने सोडलं तर मागे पडू, हे म्हणणं समजण्यासारखं आहे. पण कोट्स यांच्या प्रयोगाकडे पाहिलं तर मागे पडणार तो, ज्याने औषध सोडलं आणि लिटर तसंच ओलं ठेवलं.

तरीही माणूस म्हणतो, मागच्या बॅचला घातलं होतं, वजन छान आलं. यावर एकच उपाय, घरच्या घरी नीट तपासणं. एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांचे दोन गट करायचे, शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत, खाद्य तेच, फक्त एका गटाला पूरक. दोन्हीकडचं खाद्य तोलून घालायचं, सांडलेलंही तोलायचं. पाचव्या आठवड्यात प्रत्येक गटातले किमान पंचवीस-तीस पक्षी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकेक करून तोलायचे. मागची बॅच आणि ही बॅच अशी तुलना करायची नाही, कारण मध्ये ऋतू बदललेला असतो. आणि बटेराच्या बाबतीत आणखी एक चकवा आहे. कोंबड्यांत नर वजनदार असतो, इथे मादी. तिसऱ्या आठवड्यापासून नराची छाती विटकरी रंगाची होते, मादीची फिक्कट आणि काळ्या ठिपक्यांची, त्यामुळे ओळखणं कठीण नाही. एका पिंजऱ्यात योगायोगाने माद्या जास्त पडल्या तर त्या पिंजऱ्याची सरासरी वर जाते आणि श्रेय बाटलीला मिळतं. नर-माद्या वेगळ्या तोलल्या की बऱ्याच टॉनिकांचं कर्तृत्व तिथेच आटोपतं.

खाद्य, ऊब, पाणी, साठवण सगळं जमून आलं आणि तरीही दरवर्षी वजन थोडं थोडं घसरत असेल, तर कारण खाद्यात शोधूच नये. लहान बटेरपालक बहुधा घरचीच अंडी उबवतो आणि चार-पाच पिढ्यांत सगळा कळप एकमेकांच्या नात्यात येतो. बटेर हे नात्यातलं प्रजनन फार कमी सोसतो. डेव्हिसलाच, म्हणजे भारतातले पहिले बटेर जिथून आले तिथे, १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सख्ख्या भावंडांचे जोड लावत नेलेल्या वंशावळी तीन-चार पिढ्यांतच संपत गेल्या: अंडी फळेनात, पिल्लं जगेनात, जगली ती वाढेनात. वर्षातून एकदा नात्याबाहेरच्या कळपातले नर, किंवा इज्जतनगरच्या कॅरी उत्तमसारख्या मांसासाठी निवडलेल्या वाणाची अंडी आणायला जो खर्च येईल, तो टॉनिकच्या खात्यातून वळता करायला हरकत नाही.